बीएचएमएस असताना अमेरिकेत मेडिकल असिस्टंट व्हावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीकडे सहा वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलात, यजमानांच्या नोकरीमुळे न्यू जर्सीत आलात, एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर) कामाची परवानगी नुकतीच हातात आली आहे आणि ओळखीतल्या एका बाईंनी सर्टिफाइड मेडिकल असिस्टंटचा कोर्स सुचवलाय. हे काम नेमकं काय असतं, बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथीची पदवी झालेल्या माणसाने ते करावं का, आणि करायचं तर कोणतं प्रमाणपत्र घ्यावं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. मी न्यू जर्सीतच फॅमिली मेडिसिनच्या दवाखान्यात बरीच वर्षं हे काम करते आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारीही माझ्याकडे आहे. माझं उत्तर: जरूर करा, पण निदान करायची सवय बाजूला ठेवता येणार असेल तरच. बाकी सगळं शिकता येतं. ही एक गोष्ट मात्र रोज पाळावी लागते, आणि आपल्याकडे प्रॅक्टिस केलेल्यांना तीच सगळ्यात जड जाते.

आधी कायद्याचं. मेडिकल असिस्टंट म्हणजे नर्स नव्हे. नर्सकडे राज्याचा परवाना असतो आणि तिने काय करायचं ते कायद्यात लिहिलेलं असतं. आपण डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी सोपवलेलं काम करतो. काय सोपवता येतं हे राज्यागणिक बदलतं. वॉशिंग्टन राज्यात आरोग्य खात्याकडे नोंद करावी लागते. कॅलिफोर्नियात परवाना लागत नाही, पण इंजेक्शन द्यायचं तर स्नायूत, त्वचेखाली आणि त्वचेत अशी प्रत्येक प्रकारची किमान १० इंजेक्शनं प्रशिक्षणात देऊन दाखवावी लागतात. आपल्या न्यू जर्सीत डॉक्टरांनी इंजेक्शनचं काम असिस्टंटवर सोपवायचं असेल तर तिच्याकडे ठरावीक शिक्षण आणि राष्ट्रीय पातळीवरचं प्रमाणपत्र असावं लागतं. म्हणून इथे ते प्रमाणपत्र नुसतं भिंतीवर लावायला नसतं. आणखी एक, पेशंट तुम्हाला ‘नर्स’ म्हणतील, आपल्याकडचे आजी-आजोबा ‘सिस्टर’ म्हणतील. प्रत्येक वेळी शांतपणे सांगायचं, ‘मी मेडिकल असिस्टंट आहे.’ बऱ्याच राज्यांत परवाना नसताना स्वतःला नर्स म्हणवून घेणं हा गुन्हा आहे.

आता काम. सकाळी पेशंट यायच्या आधी लसींच्या फ्रिजचं तापमान बघून लिहायचं. ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या आतच हवं, कारण गोठलेली लस बाहेरून चांगली दिसली तरी निकामी झालेली असू शकते. खोल्या भरायच्या, साखर आणि घशाच्या झटपट तपासण्यांच्या किट कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला नमुना) लावून पडताळायच्या. मग डॉक्टरांसोबत पाच मिनिटं दिवसभराच्या यादीवर नजर टाकायची: कुणाचे रिपोर्ट अजून आले नाहीत, कुणाची लस राहिली आहे, कुणाला हॉस्पिटलमधून नुकतंच घरी सोडलंय. त्यानंतर एकामागून एक पेशंट आत घ्यायचे. वजन, ताप, नाडी, बीपी, ऑक्सिजन, तक्रार, औषधांची यादी, अ‍ॅलर्जी, हे सगळं संगणकात नोंदवायचं आणि डॉक्टर आत जायच्या आधी खोली तयार ठेवायची. डॉक्टरांना एका पेशंटमागे साधारण पंधरा-वीस मिनिटं मिळतात. त्यातली पहिली दोन मिनिटं ते तुमची नोंद वाचतात आणि पुढचा विचार तिच्यावरच उभा करतात.

म्हणून बीपीबद्दल जरा सविस्तर सांगते. नव्या मुलींना मी सगळ्यात जास्त वेळ तेच शिकवते. आपल्याकडच्या ओपीडीत पेशंट येतो, टेबलाशी बसतो, बोलता बोलता आपण पट्टा गुंडाळतो आणि आकडा घेतो. इथे तसं केलं तर माणसाला नको ती गोळी सुरू होऊ शकते. इथल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १३०/८० पासूनच रक्तदाब वाढलेला धरतात, म्हणजे पाच-दहा आकड्यांची चूकसुद्धा निदान बदलू शकते. पेशंटला आधी पाच मिनिटं गप्प बसू द्यायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीला आधार देऊन ठेवलेला. तपासणीच्या उंच टेबलावर पाय लोंबकळत बसवून बीपी घेऊ नये, खुर्चीत घ्यावं. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन यायला सांगायचं. अर्ध्या तासात चहा-कॉफी झाली आहे का, ते विचारायचं. आपले ज्येष्ठ डॉक्टरांकडे निघताना हमखास चहा घेऊन निघतात.

मग पट्ट्याचं माप. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वर जातो. प्रत्येक खोलीत मोठा पट्टा हवा. नसेल तर तो शोधून आणायचा, आहे त्यावर भागवायचं नाही. हिवाळ्यात तर आणखी एक गोष्ट बघायची. आत थर्मल, वर स्वेटर, आणि पेशंट बाही दंडापर्यंत सरकवून बसतो. ती गोळा झालेली बाही दंडाला आवळते. बाही काढायलाच सांगायची, वेळ गेला तरी चालेल. आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही, पेशंटलाही बोलू द्यायचं नाही. आपल्या माणसांना हे अवघड जातं, कारण मराठी बोलणारी कुणी भेटली की गाव कोणतं, आडनाव काय हे सुरू होतंच. मी आधीच सांगते, ‘काकू, एक मिनिट काहीच बोलायचं नाही, मग सगळं सांगा.’ आकडा जास्त आला तर थांबून पुन्हा घ्यायचा आणि दोन्ही आकडे लिहायचे. आपल्याला बरा वाटला तेवढाच ठेवायचा, असं करायचं नाही.

पेशंटची ओळख पटवायला इथे नाव आणि जन्मतारीख अशा दोन गोष्टी विचारतात. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत दोन्ही घसरू शकतात, आणि हे इथल्या सहकाऱ्यांना कुणीतरी समजावून सांगावं लागतं. आपण तारीख आधी आणि महिना नंतर सांगतो. ५-८-५२ म्हणजे आपल्या आजोबांसाठी ५ ऑगस्ट, समोरच्या मुलीसाठी ८ मे. म्हणून महिन्याचं नाव उच्चारून घ्यायचं. दुसरं तुम्हाला सांगायलाच नको, शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लिहिलेली आपल्याकडे पिढीच्या पिढी आहे. आपली वस्ती मोठी असलेल्या एडिसनसारख्या ठिकाणी एकाच दवाखान्यात दोन पाटील आजी, दोघींचं नाव सुमन, दोघींचा जन्म १ जूनचा, हे अगदी घडू शकतं. तिथे पत्ता किंवा फाइलचा नंबर ही तिसरी खूण लागतेच. रक्ताच्या ट्यूबवर चिठ्ठी लावताना तर लागतेच लागते, आणि ती चिठ्ठी पेशंटसमोरच लावायची, टेबलावर परत येऊन नाही.

तुमच्या पूर्वानुभवाचा खरा उपयोग औषधांच्या यादीत आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील प्लास्टिकच्या पिशवीतून कापलेल्या स्ट्रिप घेऊन येतात. इथल्या असिस्टंटला त्यातलं काही कळत नाही, आणि ती ‘औषधं माहीत नाहीत’ असं लिहून मोकळी होते. तुम्हाला टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिन, थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन हे तोंडपाठ आहे. तरीही स्ट्रिप हातात घेऊन मागचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचायचे, पाठांतरावर लिहायचं नाही, कारण टेल्मा एएममध्ये दुसरंही औषध असतं. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: ‘अंग दुखलं तर काय घेता?’ क्रोसिन घेणाऱ्या माणसाला सुनेने टायलेनॉलही आणून दिलेलं असतं. दोन्हींत पॅरासिटामॉल, ज्याला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही मिळून दिवसाचा डोस किती होतो, ते घरात कुणी मोजलेलं नसतं. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेनही असतं. इकोस्प्रिनवर असलेल्या, किडनी थोडी कमजोर असलेल्या माणसाच्या यादीत हे दिसायलाच हवं. काढे, चूर्ण, होमिओपॅथीच्या गोळ्या हेही विचारायचं आणि लिहायचं. चेहऱ्यावर काही न दाखवता विचारलं तरच लोक खरं सांगतात. एवढं लिहून डॉक्टरांना दाराबाहेर एका वाक्यात सांगितलंत, ‘टायलेनॉल आणि क्रोसिन दोन्ही चालू आहे,’ की तुमचं काम झालं. कोणतं बंद करायचं, हे डॉक्टर सांगतील.

आणि इथेच ती अवघड जागा येते. तुम्हाला उत्तर माहीत असतं. तीन आठवडे खोकला असलेला माणूस तुमच्याकडे बघून विचारतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ तुम्ही सहा वर्षं हेच सांगत आलात. इथे तुमचं वाक्य एकच: ‘मी सगळं नीट लिहिलंय, डॉक्टर आता येतील.’ फोनवर कुणी रिपोर्ट विचारला तर डॉक्टरांनी जे लिहून दिलंय तेच, तेवढंच वाचून दाखवायचं. ‘कोलेस्टेरॉल थोडंच वाढलंय, काळजी नको’ हे पाच शब्ददेखील रिपोर्टचा अर्थ लावणं झालं. फोनवर लक्षणं ऐकून कोण तातडीचं आणि कोण नाही हे ठरवणंही आपल्या कक्षेत येत नाही. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय असं ऐकू आलं तर दवाखान्याच्या लेखी नियमाप्रमाणे ९११ हा इथला तातडीचा नंबर लावायला सांगायचं, बाकीचे फोन नर्सकडे किंवा डॉक्टरांकडे द्यायचे. आणि हे तुम्हाला मुद्दाम सांगते: तपासणीच्या खोलीत अर्निकासारखं होमिओपॅथीचं औषध सुचवायचं नाही, दारात नाही, देवळात भेटलेल्या पेशंटलाही नाही. तुम्ही त्या दवाखान्याच्या नावाने ओळखल्या जाता, आणि तुमचा सल्ला त्या डॉक्टरांचा सल्ला धरला जातो.

यात तुमची विद्या वाया जाते असं मला वाटत नाही. होमिओपॅथीत केस घ्यायला शिकवतात, दुखणं कधी वाढतं, कशाने कमी होतं, झोप कशी, तहान कशी. एवढं ऐकून घेणारी माणसं इथे कमी आहेत. फक्त ऐकलेलं तीन ओळींत मावलं पाहिजे, आणि तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहायची. ‘जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, दोन आठवडे, बसलं की थांबते’ एवढं लिहिलंत की डॉक्टर ईकेजी (आपल्याकडचा ईसीजी) मागवतील. तुम्ही ‘अंजायना’ (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) लिहिलंत तर तुम्ही निदान केलंत, आणि पेशंट नेमकं काय म्हणाला ते हरवलं.

मराठी पेशंट आले की दवाखाना तुम्हालाच दुभाषी करायला बघेल. खुर्चीवर बसवणं, बाही काढायला सांगणं, हे मराठीत खुशाल करा. पण डॉक्टर ऑपरेशनची संमती घेत असतील किंवा कॅन्सरचा रिपोर्ट समजावत असतील, तर केंद्राच्या नियमांप्रमाणे पात्रता असलेला दुभाषी लागतो. त्यासाठी फोनवरून सेवा मिळते. दवाखान्याने तुमची भाषेची चाचणी घेऊन ते काम रीतसर दिलं तर आनंदाने करा. ते न करता ओढलं तर नम्रपणे नाही म्हणा. सुनेला किंवा मुलाला मध्ये घालणं तर टाळाच. सासूबाईंना लघवीचा त्रास असतो आणि तो मुलासमोर कधीच बाहेर येत नाही.

रक्त काढणं शिकायला वेळ लागतो, पण हात बसला की बसतो. शीर फुगावी म्हणून दंडाला बांधलेला पट्टा एक मिनिटाच्या वर आवळून ठेवायचा नाही, पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावायचं नाही, त्याने पोटॅशियम खोटं वाढतं. ट्यूबचा क्रम पाठ हवा: फिकट निळी, मग लाल किंवा सोनेरी, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. हा क्रम कशासाठी, ते समजलं की विसरत नाही. जांभळ्या ट्यूबमधल्या इडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. तो थेंब पुढच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं, आणि धडधाकट माणसाला रात्री फोन करून इमर्जन्सीत पाठवावं लागतं. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, सुईलाच जोडलेलं सुरक्षेचं झाकण सरकवून ती थेट डब्यात टाकायची. आपल्याकडे हाताला वेगळी सवय लागलेली असते, ती पहिल्या दिवसापासून मोडा.

दिवसाचा मोठा भाग संगणकावर आणि फोनवर जातो, हेही आधीच माहीत असू द्या. औषध पुन्हा भरून द्यायच्या विनंत्या, तज्ज्ञांकडे पाठवायची पत्रं, विमा कंपनीची पूर्वपरवानगी. ही पूर्वपरवानगी मला सगळ्यात थकवते. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कंपनी नाकारते, मग आधी कोणती दोन औषधं दिली, किती दिवस दिली, का बदलली, हे फाइलमधून काढून कळवायचं. चिकाटीने केलं तर पेशंटला औषध मिळतं, कंटाळून सोडलं तर तो औषधावाचून राहतो, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला या कामात आतापर्यंत मिळालेलं सगळ्यात मोठं समाधान इथेच मिळालंय.

खाली उतरणं वाटेल का? पहिले काही महिने वाटेल. वीस-बावीस वर्षांची मुलगी तुम्हाला बीपी घ्यायला शिकवेल. तुमच्या नावाआधी डॉक्टर लागणार नाही, लावायचंही नाही. पगाराचं स्पष्ट सांगते: २०२४ मध्ये देशभरातल्या मेडिकल असिस्टंटचा मध्यक वार्षिक पगार (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ४४,२०० डॉलर होता, म्हणजे तासाला एकवीस डॉलरच्या आसपास. न्यू जर्सीतलं घरभाडं धरता ही रक्कम मोठी नाही. दिवसभर उभं राहायचं असतं, आणि थंडीत फ्लूचे पेशंट आपल्यालाही आजारी पाडतात. बीएचएमएसवर इथे डॉक्टरकीच्या परीक्षांचा रस्ता उघडत नाही, म्हणून पुढे रुग्णसेवेतच राहायचं तर नर्सिंग किंवा फिजिशियन असिस्टंटचं (परवाना घेऊन निदान-उपचारही करणाऱ्या, मेडिकल असिस्टंटहून वेगळ्या पदाचं) शिक्षण हे खरे पर्याय. त्यासाठी पेशंटसोबत केलेलं इथलं काम उपयोगी पडतं. तुमचा मूळ विचार नर्सिंगचाच असेल तर मेडिकल असिस्टंटवर एक वर्ष घालवण्याआधी जवळच्या काउंटी कॉलेजात नर्सिंगच्या अटी विचारून या. दोन्ही कोर्स ओळीने करण्यात पैसा जातो.

प्रमाणपत्रांत मुख्य नावं चार. सीएमए, म्हणजे सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट, हे अमेरिकन असोसिएशन ऑफ मेडिकल असिस्टंट्सचं. त्यासाठी मुख्य रस्ता म्हणजे काहेप किंवा एभेस या संस्थांनी मान्यता दिलेला कोर्स. परीक्षेत २०० प्रश्न, ४०-४० मिनिटांचे चार भाग, आणि दर ६० महिन्यांनी नूतनीकरण. आरएमए हे अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्सचं, सीसीएमए हे नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशनचं, एनसीएमए हे नॅशनल सेंटर फॉर कॉम्पिटन्सी टेस्टिंगचं. मी तुमच्या जागी असते तर सीएमएला चालणारा कोर्स घेतला असता, कारण त्यावर बाकीची दारंही सहसा उघडी राहतात. उलट मात्र होत नाही. फी भरण्याआधी ‘प्लेसमेंट शंभर टक्के’ ही जाहिरात बाजूला ठेवा आणि दोनच गोष्टी लेखी मागा: काहेप किंवा एभेसची मान्यता आजच्या तारखेला चालू आहे का, आणि दवाखान्यातलं प्रात्यक्षिक कॉलेज स्वतः लावून देतं का. काहेपच्या कोर्समध्ये ते किमान १६० तासांचं असतं. पूर्ण ऑनलाइन कोर्स घेऊन प्रात्यक्षिकासाठी दवाखाने शोधत फिरणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांचे महिनेच्या महिने जातात. तुमच्या एच-फोरच्या परवानगीची मुदत प्रात्यक्षिकाच्या आणि नोकरीच्या काळात संपत नाही ना, तेही आत्ताच बघा. नूतनीकरणाला उशीर होत असेल तर प्रात्यक्षिकाला जाण्याआधी वकिलाला विचारा, पगार नसला तरी.

आणि एक काम याच आठवड्यात करा. प्रात्यक्षिकाआधी गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बीच्या लसींचे पुरावे किंवा रक्तातल्या प्रतिपिंडांचे रिपोर्ट मागतात. भारतातली लसीकरणाची कार्डं सापडत नसतील तर रक्ततपासणी करून घ्या. हिपॅटायटिस बीचे डोस नव्याने घ्यावे लागले तर नेहमीच्या तीन डोसांना सहा महिने लागतात आणि तेवढ्याने सगळं वेळापत्रक पुढे सरकतं. टीबीची तपासणीही लागते. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्या लोकांची हातावरची चाचणी उगीचच सुजून येऊ शकते, मग एक्स-रे आणि पुढच्या चकरा. कॉलेजला आधीच विचारा की रक्तावरची क्वांटिफेरॉन तपासणी चालेल का. बहुतेक ठिकाणी चालते.